एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (३ मार्च १८५७ – ३० मार्च १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंते व संशोधक होते. सोलापूर जिल्हा आणि मराठवाडा यांना जोडणाऱ्या बार्शी लाईट रेल्वेचे ते जनक मानले जातात. कमी खर्चाच्या अरुंदमापी (नॅरोगेज) रेल्वेवरही मोठ्या क्षमतेची इंजिने व वाघिणी चालवता येतात, हे त्यांनी बार्शीच्या मार्गावर प्रत्यक्ष दाखवून दिले. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वेचेही ते अभियंते होते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी विमानातून उडी घेण्यासाठी हवाई छत्री तयार केली.

== सुरुवातीचे जीवन ==

कॅलथ्रॉप यांचा जन्म इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात डीपिंग येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले होते. त्यांचे एक धाकटे बंधू सर गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. एव्हरार्ड यांचे शिक्षण अपिंगहॅम स्कूलमध्ये झाले. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या इंजिन कारखान्यात काही काळ काम केल्यावर १८७४ मध्ये ते क्रू येथील लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारीसाठी दाखल झाले. १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डबे व वाघिणी बांधणाऱ्या विभागात गेले. इंजिन आणि डबे या दोन्ही बाजूंचा हा अनुभव त्यांच्या पुढील कामात स्पष्ट दिसतो. एरवी त्या काळचे बहुतेक अभियंते या दोहोंपैकी एकाच बाजूचे जाणकार असत.

== भारतात आगमन ==

१८८२ मध्ये कॅलथ्रॉप ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेत इंजिन निरीक्षक म्हणून भारतात आले. मुंबईहून पुणे, सोलापूर व रायचूरकडे जाणारा या कंपनीचा रुंदमापी (ब्रॉडगेज) मार्ग तोवर पूर्ण झाला होता. मात्र या मार्गापासून वीस-पंचवीस मैल आत असलेल्या बाजारपेठांचा सगळा माल बैलगाड्यांनीच स्थानकापर्यंत येत असे. बार्शी हे त्यातले ठळक गाव होते. बालाघाटाच्या पायथ्याशी, निजामाच्या राज्याच्या सीमेलगत वसलेल्या या पेठेत मराठवाड्यातून कापूस, गळिताची धान्ये आणि ज्वारी उतरत असे. बार्शीसाठीचे स्थानक होते कुर्डुवाडी, म्हणजे त्या वेळचे बार्शी रोड. तिथपर्यंतच्या मजलेत बैलांचे हाल होत आणि पावसाळ्यात काळ्या मातीतला रस्ता जवळजवळ बंदच पडे.

मोठ्या कंपनीला अशा आडवाटेच्या मार्गांत रस नव्हता. रुंदमापी रूळ टाकण्याचा खर्च तिथल्या वाहतुकीतून निघणार नाही, हा तिचा हिशेब चुकीचाही नव्हता. कॅलथ्रॉप यांनी प्रश्न उलट बाजूने मांडला. वाहतूक मोजकी असेल तर रेल्वेचा खर्च त्या मानाने कमी करता येईल का, हा त्यांचा विचार होता. नोकरीत असतानाच त्यांनी अशा पूरक मार्गांची पाहणी केली आणि त्यांसाठी भांडवल उभे करण्याचा प्रयत्न सुरू केला. नोकरी सांभाळून हे काम पुढे नेता येईना, तेव्हा १८८९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते इंग्लंडला परतले. १८९० मध्ये त्यांचा विवाह इझाबेल मेरी अर्ल यांच्याशी झाला. त्यानंतर ते लिव्हरपूल येथे सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागले.

== आसभाराचा सिद्धांत ==

कॅलथ्रॉप यांचे रेल्वे अभियांत्रिकीतील मुख्य योगदान आसभाराच्या विचाराशी निगडित आहे. चाकांच्या एका जोडीचा आस रुळांवर जितके वजन टाकतो, त्याला आसभार म्हणतात. रूळ किती जाड हवेत, स्लीपर किती जवळ हवेत, पूल किती भक्कम हवेत, हे गाडीच्या एकूण वजनापेक्षा सर्वांत जड आसावरून ठरते. त्या काळच्या लहान रेल्वेंवर इंजिनाचा आस जड आणि वाघिणींचे आस हलके असा प्रकार सर्रास होता. त्यामुळे सगळा मार्ग इंजिनासाठी बळकट बांधावा लागे, आणि त्या बळकटीचा उपयोग मालासाठी मात्र होत नसे.

कॅलथ्रॉप यांनी ठरवले की इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, गाडीतील प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टनच भार यावा आणि भरलेल्या वाघिणीने ती मर्यादा पुरेपूर वापरावी. चार आसांच्या भरलेल्या वाघिणीचे वजन यामुळे वीस टनांपर्यंत जाऊ शकत होते. वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका माल जास्त. म्हणून त्यांनी जड ओतीव भागांऐवजी दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांचे सांगाडे निवडले. ते लीड्स फोर्ज कंपनीने तयार केले. सर्व डब्यांची व वाघिणींची लांबी एकसारखी ठेवल्यामुळे सुटे भागही एकमेकांना चालत.

इंजिनाचा प्रश्न अधिक अवघड होता. ओढण्याची ताकद हवी तर चाकांवर वजन हवे, आणि वजन वाढले की आसभार वाढतो. यावर तोड म्हणून वजन अधिक आसांवर वाटण्यात आले. लीड्सच्या किटसन कंपनीने कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चालकचाके आणि मागे चार आधारचाके होती. सहा आसांवर सुमारे तीस टन वजन पेलणारे हे इंजिन केवळ अडीच फूट अंतराच्या रुळांवर धावत होते. हे रूळ दर यार्डाला ३० पौंड वजनाचे, म्हणजे जी.आय.पी. रेल्वेच्या रुळांच्या निम्म्याहूनही हलके होते. भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून इंजिन व डब्यांच्या जाहीर चाचण्या घेण्यात आल्या आणि त्यांची रेल्वे वर्तुळात बरीच चर्चा झाली.

रुळांमधील अडीच फुटांच्या अंतराचाही त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला. दोन फुटांचा मार्ग फार अरुंद पडतो आणि मीटरमापी मार्ग स्वस्त राहत नाही, असे त्यांचे मत होते.

== बार्शी लाईट रेल्वे ==

१८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली. कुर्डुवाडी ते बार्शी हा २२ मैलांचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. ते वर्ष दख्खनमध्ये दुष्काळाचे आणि मुंबई इलाख्यात प्लेगचे होते. अशा काळात नव्या कंपनीने धंदा सुरू करून तो टिकवला, ही गोष्ट लहान नाही.

मार्गाची वाढ दोन दिशांना झाली. कुर्डुवाडीहून दक्षिणेकडे पंढरपूरपर्यंतचा फाटा १९०६ मध्ये पूर्ण झाला. बार्शीहून पूर्वेकडे निजामाच्या राज्यात शिरून मार्ग १९११ मध्ये लातूरला पोहोचला. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूरची धान्यपेठ पुढे नावारूपाला आली, त्यात या रेल्वेचा वाटा मोठा आहे. पंढरपूर फाट्याचे अर्थकारण वेगळे होते. वर्षभर बेताची वर्दळ आणि आषाढी-कार्तिकीला एकदम लोटणारी गर्दी, असा त्याचा क्रम होता. यात्रेच्या दिवसांत मिळतील ते डबे जोडून जादा गाड्या सोडाव्या लागत.

संत जनाबाईंचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडसारख्या ठिकाणांहून पंढरपूरला जाणे तोवर पायी किंवा बैलगाडीनेच होत असे. लातूरला रेल्वे आल्यावर तिथपर्यंत रस्त्याने आणि पुढे कुर्डुवाडीला गाडी बदलून पंढरपूर गाठता येऊ लागले. गंगाखेडला स्वतःचे स्थानक नंतर परभणी–परळी मार्गामुळे मिळाले, पण तो मार्ग मीटरमापी होता. एकाच टापूत तीन मापांचे रूळ असण्याची ही परिस्थिती अनेक दशके टिकली.

हाच कॅलथ्रॉप यांच्या योजनेतील कच्चा दुवा होता. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते लहान वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावे लागे. मार्ग बांधताना वाचलेल्या पैशापुढे हमालीचा हा खर्च किरकोळ आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिल्या काही दशकांपुरता तो बरोबर ठरला. मोटार मालवाहतूक सुरू होऊन माल थेट दारात उतरू लागल्यावर मात्र ही मालबदल रेल्वेला महाग पडू लागली. गाडीच्या संथ चालीवरून सोलापूर–लातूर भागात अनेक विनोदही रूढ झाले. त्यातला गमतीचा भाग सोडला, तर हलके रूळ आणि जागोजागचे थांबे पाहता वेग हा या रेल्वेचा उद्देश कधी नव्हताच.

== इतर रेल्वेकार्य ==

बार्शीच्या यशानंतर कॅलथ्रॉप यांना अन्य देशांतूनही सल्ल्यासाठी विचारणा होऊ लागली. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस रेल्वेचे माप १८९८ मध्ये बदलून अडीच फूट करण्यात आले, त्या कामाचे ते सल्लागार होते. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे जून १९०४ मध्ये सुरू झाली. तिची दोन्ही इंजिने किटसन कंपनीचीच होती आणि त्यांपैकी एकाला कॅलथ्रॉप यांचेच नाव देण्यात आले होते. या मार्गावर त्यांनी मालबदलीच्या अडचणीवर उपाय योजला. मोठ्या मापाची भरलेली वाघीण जशीच्या तशी पाठीवर घेऊन अरुंद रुळांवर धावणारी वाहक वाघीण तिथे वापरात आली. माल प्रामुख्याने दुधाचा होता आणि वस्ती विरळ होती. ही रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली.

== हवाई छत्री ==

कॅलथ्रॉप यांचे मित्र आणि रोल्स-रॉइस कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स यांचा जुलै १९१० मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून मृत्यू झाला. या घटनेनंतर कॅलथ्रॉप यांनी वैमानिकांचा जीव वाचवणाऱ्या छत्रीवर काम सुरू केले. गार्डियन एंजल या नावाने ओळखली जाणारी त्यांची रेशमी छत्री विमानाला बांधलेल्या पेटीत घडी करून ठेवलेली असे. उडी घेणाऱ्याच्या वजनानेच ती बाहेर ओढली जाऊन उघडे. जानेवारी १९१७ मध्ये क्लाइव्ह कॉलेट या वैमानिकाने ऑर्फर्ड नेस येथे चालत्या विमानातून या छत्रीने यशस्वी उडी घेतली. त्याच वर्षी शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतील सदस्य थॉमस ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून ती कमी उंचीवरही उघडते हे दाखवले.

तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना छत्र्या देण्यात आल्या नाहीत. छत्रीचे वजन आणि विमानातील अपुरी जागा ही कारणे त्यासाठी दिली जात. छत्री हाताशी असल्यास वैमानिक विमान लवकर सोडून देतील अशी वरिष्ठांना भीती होती, असेही म्हटले जाते. वजनाचे कारण त्या काळच्या कमी ताकदीच्या विमानांबाबत अगदीच निराधार नव्हते, पण १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्र्या वापरू लागल्यावर ते फारसे पटण्याजोगे उरले नाही. कॅलथ्रॉप यांच्या छत्रीचा युद्धातील उपयोग शत्रूच्या मुलखात हेर उतरवण्यासाठी झाला. वैमानिकांसाठी तिचा विचार गंभीरपणे होऊ लागला तोवर युद्ध संपत आले होते.

== अखेरचा काळ ==

कॅलथ्रॉप यांना अरबी घोड्यांची पैदास करण्याचा छंद होता. घोड्याला मारझोड न करता विश्वासाने शिकवावे, या मताचे ते होते. या विषयावरील त्यांचे पुस्तक १९२० मध्ये प्रकाशित झाले. ३० मार्च १९२७ रोजी लंडन येथे वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बार्शी लाईट रेल्वेचा शेवटचा मोठा टप्पा, पंढरपूर ते मिरज, त्याच वर्षी वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे मार्गाची एकूण लांबी दोनशे मैलांवर गेली.

== बार्शी मार्गाची पुढील वाटचाल ==

१९५४ मध्ये भारत सरकारने बार्शी लाईट रेल्वे ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. कंपनीच्या काळापासूनचा कुर्डुवाडी येथील दुरुस्ती कारखाना पुढेही चालू राहिला. शेवटच्या काळात वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मार्गाचे टप्प्याटप्प्याने रुंदमापीत रूपांतर सुरू झाले. कुर्डुवाडी–लातूर हा भाग २००८ मध्ये पूर्ण झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात पंढरपूर–मिरज भागही रुंदमापी झाला. हे करताना काही ठिकाणी जुनी वाट सोडण्यात आली. पूर्वी बाजूला राहिलेले धाराशिव (त्या वेळचे उस्मानाबाद) शहर नव्या आखणीत मार्गावर आले. परभणी–परळी मार्गाचेही रूपांतर झालेले असल्याने आता गंगाखेडहून परळी, लातूर व कुर्डुवाडी मार्गे पंढरपूरपर्यंत एकाच मापाचे रूळ आहेत आणि कुर्डुवाडीला गाडी बदलण्याची गरज उरलेली नाही.