देशानं त्याला दीड वर्ष छावणीत डांबलं, त्याच देशाची सगळ्यात मोठी सायकल रेस त्यानं लागोपाठ दोनदा मारली

सायकलिंगचा नाद असलेल्या कुणालाही विचारा, स्पेनचं नाव निघालं की तो आधी घाटांबद्दल बोलेल. युरोपातल्या सगळ्यात डोंगराळ देशांमध्ये स्पेनचा नंबर लागतो. राजधानी माद्रिदच समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. अशा देशाला सायकलवरून चक्कर मारायची, तीही रोज वेळ लावून आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस, या प्रकाराला म्हणतात व्हुएल्टा आ एस्पान्या.

फ्रान्सची टूर द फ्रान्स आणि इटलीची जिरो यांच्यासोबत जगातल्या तीन मोठ्या रेसमध्ये व्हुएल्टा मोडते. आज तिथं कार्बनच्या सायकली असतात, मागे टीमची गाडी असते, डॉक्टर असतो, कानात वायरलेस असतो. पण ही रेस जिंकणारा पहिला स्पॅनिश माणूस यातलं काहीही नसताना जिंकला. त्याआधी त्यानं तब्बल १८ महिने आपल्याच देशातल्या कैद्यांच्या छावणीत काढले होते.

त्याचं नाव हुलियान बेरेंदेरो.

बेरेंदेरोचा जन्म १९१२ चा. गाव सान अगुस्तीन दे ग्वादालिक्स, माद्रिदच्या उत्तरेला. गावापासून जवळच ग्वादार्रामाची डोंगररांग सुरू होते. माद्रिदहून सेगोव्हियाकडे जायचं तर हे डोंगर ओलांडावेच लागतात. त्यातला नावासेर्रादाचा घाट साधारण १,८८० मीटर उंच आहे. या भागात वाढलेल्या पोराला चढ चढण्याची सवय वेगळी लावावी लागत नाही.

गडी रंगानं सावळा आणि डोळे निळे. त्यामुळे लोकांनी त्याला टोपणनावच पाडलं, निळ्या डोळ्यांचा काळा. पुढं सगळा स्पेन त्याला याच नावानं ओळखायला लागला.

आता थोडं व्हुएल्टाबद्दल. ही रेस सुरू झाली १९३५ मध्ये, आणि सुरू केली ती इन्फॉर्मासिओनेस नावाच्या वर्तमानपत्रानं. रेस चालू असली की रोज काय झालं ते वाचायला लोक पेपर घेतात, असा साधा हिशोब होता. फ्रान्समध्ये टूर द फ्रान्ससुद्धा याच डोक्यालिटीतून सुरू झाली होती. पहिली व्हुएल्टा बेल्जियमच्या गुस्ताफ डेलूरनं मारली, आणि दुसरीही त्यानंच.

त्या दुसऱ्या म्हणजे १९३६ च्या व्हुएल्टात २४ वर्षांचा बेरेंदेरो चौथा आला. ३१ मे रोजी रेस संपली आणि लगेच जुलैमध्ये तो टूर द फ्रान्ससाठी फ्रान्सला गेला.

इथंच त्याचं आयुष्य फिरलं.

टूर सुरू झाली ७ जुलैला. १७ आणि १८ जुलैला स्पेनमध्ये लष्करातल्या एका गटानं सरकारविरुद्ध बंड केलं. या बंडाचं नेतृत्व पुढं जनरल फ्रँकोकडे गेलं आणि देशात यादवी पेटली. इकडे बेरेंदेरो आल्प्स आणि पिरेनीजचे घाट चढत होता, तिकडे त्याच्या देशात माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती.

२ ऑगस्टला टूर संपली तेव्हा बेरेंदेरो एकूण क्रमवारीत ११ वा होता. पण घाटांचा राजा तोच ठरला. प्रत्येक मोठ्या घाटाच्या माथ्यावर जो आधी पोहोचतो त्याला गुण मिळतात आणि सगळ्यात जास्त गुणवाला हा किताब घेऊन जातो. आज या किताबासोबत लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते, पण ती १९७५ पासूनची. बेरेंदेरोच्या काळी जर्सी नव्हती, फक्त मान होता.

तेव्हाच्या सायकलींना आजच्यासारखे गिअरही नव्हते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चाकं असायची. घाट आला की खाली उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुन्हा पॅडल मारायचं. टूरमध्ये चालत्या सायकलवर गिअर बदलायला सगळ्यांना परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये.

एवढा मोठा किताब मिळाला, पण घरी जायची सोय नव्हती. बेरेंदेरो फ्रान्समध्येच थांबला आणि तिथल्या रेस खेळत राहिला.

१९३७ च्या टूरमध्ये त्यानं लुशाँ ते पो हा टप्पा जिंकला. एका दिवसात पेरेसूर्द, आस्पँ, तुर्माले आणि ओबिस्क असे पिरेनीजचे चार घाट. यातला तुर्माले २,११५ मीटर उंच. नकाशा काढून बघितलं तर लक्षात येईल की लुशाँ हे गाव स्पेनच्या सीमेला जवळजवळ चिकटूनच आहे. डोंगराच्या या बाजूला लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि पलीकडच्या बाजूला त्याचा देश जळत होता.

एप्रिल १९३९ मध्ये यादवी संपली. फ्रँको जिंकला. त्याच वर्षी बेरेंदेरो मायदेशी परतला आणि सीमा ओलांडल्यावर त्याला अटक झाली.

कारण काय? फ्रान्समध्ये असताना त्यानं फ्रँकोच्या विरोधातल्या म्हणजे रिपब्लिकच्या बाजूनं मतं मांडली होती, असा आरोप होता. त्यानं हातात बंदूक धरली नव्हती, तो कुठल्या आघाडीवरही लढला नव्हता. पण युद्ध जिंकलेल्या सरकारला तेवढं पुरेसं होतं. त्या काळात अशा लाखो लोकांना छावण्यांमध्ये कोंबलं गेलं. घाटांचा राजा त्यांच्यातलाच एक कैदी झाला.

१८ महिने तो आत होता. सायकलपटूच्या आयुष्यात २७ ते २९ ही वर्षं सोन्यासारखी असतात. पाय तयार झालेले असतात आणि डोकंही शांत झालेलं असतं. नेमकी तीच वर्षं त्याची छावणीत गेली. खायचे हाल, सराव नाही, सायकल नाही. एखाद्याचं करिअर तिथंच संपलं असतं.

त्याचं संपलं नाही. सुटल्यावर तो पुन्हा सायकलवर बसला.

जून १९४१ मध्ये पाच वर्षांच्या खंडानंतर व्हुएल्टा पुन्हा सुरू झाली. यावेळी ती भरवली फ्रँको सरकारच्याच एदुकासिओन इ देस्कान्सो या संस्थेनं. देशात सगळं पूर्वपदावर आलंय, हे सरकारला जगाला दाखवायचं होतं.

प्रत्यक्षात देश उपाशी होता. धान्य रेशनवर होतं, रस्ते युद्धात उखडले होते, टायर मिळायची मारामार होती. बाहेर दुसरं महायुद्ध चालू असल्यामुळे परदेशी खेळाडूही येईनात. सुरुवातीला उभे राहिले फक्त ३२ जण. त्यातले चार स्विस आणि बाकी सगळे स्पॅनिश.

आणि अंतर किती, तर सुमारे ४,४०० किलोमीटर. व्हुएल्टाच्या इतिहासातला हा सगळ्यात लांब मार्ग. हल्लीची व्हुएल्टा साधारण ३,२०० ते ३,३०० किलोमीटरची असते, म्हणजे तेव्हाचा मार्ग हजारभर किलोमीटरनं जास्त होता.

शेवटपर्यंत टिकले ते निम्मेच. बेरेंदेरोनं १६८ तास ४५ मिनिटं सायकल चालवून ही रेस जिंकली. दुसरा आला फेर्मीन त्रुएबा. हा त्या विसेंते त्रुएबाचा भाऊ, ज्यानं १९३३ मध्ये टूरचा पहिला घाटांचा राजा होण्याचा मान मिळवला होता. दोघांमधला फरक होता एका मिनिटाच्या थोडा वर. साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास सायकल चालवायची आणि निकाल लागायचा एका मिनिटावर.

ज्या राजवटीनं त्याला कैदी केलं, तिच्याच कार्यक्रमाचा तो हिरो झाला. सरकारला मिरवायला एक चॅम्पियन मिळाला. बेरेंदेरोला त्याचं काम परत मिळालं.

पुढच्या वर्षी त्यानं कहरच केला. १९४२ च्या व्हुएल्टात पहिल्या दिवशी आघाडी घेतली ती शेवटच्या दिवसापर्यंत सोडलीच नाही. वर घाटांचा किताबही नेला. १९४२ ते १९४४ अशी सलग तीन वर्षं तो स्पेनचा राष्ट्रीय चॅम्पियन राहिला. १९४३ आणि १९४४ मध्ये मात्र व्हुएल्टा झालीच नाही. १९४५ ला ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा बेरेंदेरो दुसरा आला. १९४६ ला पुन्हा दुसरा. तोवर त्याचं वय ३४ झालं होतं.

निवृत्तीनंतर त्यानं माद्रिदमध्ये सायकलचं दुकान टाकलं. १९५९ मध्ये फेदेरिको बाहामोंतेस टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला स्पॅनिश ठरला आणि जगभर स्पेनच्या घाट चढणाऱ्या गड्यांचं नाव झालं. त्या बाहामोंतेसची वाट आधी त्रुएबा आणि बेरेंदेरोसारख्यांनी चढून ठेवली होती.

१९९५ मध्ये माद्रिदमध्येच बेरेंदेरोचं निधन झालं. व्हुएल्टाच्या विजेत्यांच्या यादीत १९३६ नंतर थेट १९४१ येतं आणि त्यापुढं त्याचं नाव लिहिलेलं असतं. मधली वर्षं यादीत रिकामी आहेत. बेरेंदेरोसाठी ती रिकामी नव्हती. त्यातली काही परमुलखात गेली आणि १८ महिने तारेच्या कुंपणाआड. आज स्पेनच्या घाटात कुणी सायकल घेऊन जात असेल आणि निम्म्या चढावर पायांनी उत्तर दिलं, तर हा निळ्या डोळ्यांचा गडी आठवावा. त्याच्या वाटेत याहून मोठे घाट होते.