सुझॅना वेस्लीबाईंची घरची शाळा

जॉन व चार्ल्स वेस्ली ही नावे शब्बाथ शाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. त्यांना अक्षर-ओळख करून देणारी त्यांची आई सुझॅना (१६६९–१७४२) मात्र मागे राहते. ती इंग्लंडातील एपवर्थच्या पाळकांची पत्नी. मुले १९ झाली, वाढली १०. कर्ज इतके, की १७०५ साली पतीला त्यापायी तुरुंगवास घडला.

अशा घरात बाई रोज सकाळी तीन व दुपारी तीन तास मुलांना शिकवीत. पाच वर्षे पूर्ण झाली की एका दिवसात मुळाक्षरे! दोन मुलींना दीड दिवस लागला, तेव्हा त्या मंद आहेत असे बाईंना वाटले. पुढे इतरांची मुले पाहून ते मत त्यांनी बदलले. वाचनाचे पहिले पुस्तक घरचेच पवित्र शास्त्र. उत्पत्तीतील पहिले वचन अडखळल्यावाचून वाचता आले, मगच दुसरे. नीट वाचता येईपर्यंत मुलीला शिवणकामाला बसवायचे नाही, हा त्यांचा नियम आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

१७०९ साली घर जळाले. मुले परक्या घरी विखुरली, वळण बिघडले. बाईंनी पुन्हा आरंभ केला. पुढे आठवड्यातील एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखली. जॉनचा वार गुरुवार. ऑक्सफर्डला गेल्यावरही त्याने पत्र लिहून त्या गुरुवारातला थोडा वेळ आईकडे मागितला.