सूचिकार शंकर गणेश दाते

तुम्ही मांजर्लीहून बदलापूरच्या एखाद्या वाचनालयात गेलात आणि वैद्यकावरील जुनी मराठी पुस्तके शोधू लागलात, अशी कल्पना करा. शीर्षकात ‘वैद्यक’ असलेली पुस्तके चटकन सापडतील. ‘आर्यभिषक्’ मात्र हातून निसटेल. एका विषयाची अनेक नावे असतात. सूचीत त्यांपैकी एकच प्रमाण मानून त्याखाली सर्व ग्रंथ आणावे लागतात.

मराठीत हे काम शंकर गणेश दाते (१९०५–१९६४) यांनी हाती घेतले. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांची विषयवार नोंद आहे, दुसरा भाग १९५० पर्यंत येतो. नुसती अकारविल्हे यादी करणे पुष्कळ सोपे होते. परंतु विषय ठरवायचा तर शीर्षकावर विसंबता येत नाही, ग्रंथ उघडावा लागतो. शिवाय जुने ग्रंथ झपाट्याने नष्ट होत होते. काहींची स्मृती केवळ अशा नोंदीतच उरणार होती.

१८०० ते १९५० मधील मराठी नियतकालिकांची सूची दात्यांच्या हयातीत प्रकाशित झाली नाही. दि. वि. काळे व शं. ना. बर्वे यांनी ती पूर्णत्वास नेली. मुंबईतील सूची मंडळाला पुढे दात्यांचेच नाव मिळाले.