एका सदऱ्याचा विद्यार्थी : गोपाळ गणेश आगरकर

(द्वितीय वर्ष बी. ए.)

गेल्या वर्षी जूनमध्ये मी कॉलेजात नाव घातले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आई ओझरच्या शिवारात द्राक्षबागांवर मजुरीला जाते. अर्जावर कोणते विषय लिहायचे, तास चुकला तर काय होते, ग्रंथालयातून पुस्तक कसे मागायचे, हे सांगणारे घरी कोणी नव्हते. रोज सकाळी एस. टी.ने नाशिकला जायचे आणि मागच्या बाकावर बसून परत यायचे, एवढेच पहिले काही महिने चालले होते. बरे म्हणावेत असे दोनच ड्रेस होते. ते मी आलटून पालटून घालते हे कोणाच्या लक्षात येईल, ही धास्ती अभ्यासापेक्षा मोठी होती. अशा दिवसांत गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र माझ्या हाती आले. समाजसुधारक म्हणून त्यांचे नाव शाळेतच पाठ केले होते. पण या वेळी मी त्यांच्याकडे सुधारक म्हणून नव्हे, तर कॉलेजात नव्याने आलेला एक मुलगा म्हणून पाहिले.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ मध्ये. म्हणजे ज्या विद्यापीठाची पदवी त्यांनी पुढे मिळवली, ते त्यांच्या जन्माच्या वेळी अस्तित्वातही नव्हते. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाडला आजोळी राहून ते थोडे शिकले. पुढे शिक्षणाची सोय दिसेना, तेव्हा काही काळ कचेरीत उमेदवारी केली. शिकण्यासाठी म्हणून सह्याद्री ओलांडून पायी रत्नागिरी गाठली. तिथे निभाव लागला नाही, तेव्हा परत फिरावे लागले. कऱ्हाडच्या दवाखान्यात औषधे देण्याचे कामही त्यांनी केले. शेवटी वऱ्हाडात, अकोल्याला नातेवाइकांकडे जाऊन ते शाळेत दाखल झाले. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले.

त्या काळी अकोल्याहून पुण्यास आगगाडीने यायचे, तर वाट आपल्या नाशिक जिल्ह्यातून आणि कल्याणवरून होती. मनमाड-दौंड फाटा अजून सुरू झाला नव्हता. आमच्या ओझरजवळच्या कसबे सुकेण्यावरून आजही गाड्या जातात, तोच हा लोहमार्ग. ती गाडी दिसली की मला आता उगीच त्यांची आठवण होते.

डेक्कन कॉलेज गावाबाहेर, नदीपलीकडे येरवड्याच्या बाजूस होते. तिथे राहायचे म्हणजे खाणे, कपडे, फी, पुस्तके यांचा खर्च आला. आगरकरांपाशी एकच सदरा होता. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात घालून तासाला जायचे, असा त्यांचा क्रम होता. शिष्यवृत्ती, निबंधाची बक्षिसे, शिकवण्या यांवर त्यांनी दिवस काढले. एकदा परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते, म्हणून ते नाटक लिहून विकण्याच्या खटपटीला लागले. ही गोष्ट प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कानी गेली आणि त्यांनी पैशाची सोय केली, असे सांगतात. ज्ञानी गुरू पुष्कळ असतात. पण विद्यार्थ्याच्या खिशाची खबर ठेवणारा गुरू मिळणे हे भाग्यच.

त्याच कॉलेजात त्यांच्याआधी बाळ गंगाधर टिळक आले होते. टिळकांनी आपले पहिले वर्ष बहुतेक शरीर कमावण्यात घालवले, आणि त्या वर्षी अभ्यास मागे पडला. घरचा थोडाफार आधार असलेल्याला एक वर्ष असे देता येते. आगरकरांना एक सत्रही वाया घालवणे परवडणारे नव्हते. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले. पुढे एम. ए.चा अभ्यास करताना टिळकांशी त्यांची मैत्री जुळली. देशाचे काम शिक्षणातून करायचे, असा दोघांचा निश्चय याच दिवसांतला.

याच सुमारास आगरकरांनी आईला एक पत्र लिहिले. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, अशी त्या माउलीची आशा असणार. मुलाने तिला कळवले, की पोटापुरते मिळाले तरी मी समाधान मानीन आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करीन. हे पत्र थोर त्यागाचा नमुना म्हणून आपल्याला सांगितले जाते. मला मात्र ते वाचताना प्रथम त्या आईचीच काळजी वाटली. माझी आई उन्हात कात्री घेऊन मण्यांची विरळणी करते, ती माझ्या नोकरीच्या भरवशावर. तिला असे पत्र लिहिण्याचे धैर्य मला नाही, आणि ते नसण्यात काही पाप आहे असेही मला वाटत नाही.

पण चरित्र पुढे वाचले तेव्हा दुसरी बाजू दिसली. आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८१ मध्ये निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवू लागले. पुढे सामाजिक सुधारणेवरून मतभेद झाले, 'केसरी' सुटला, आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. मुलींना मुलांच्या बरोबरीने आणि मुलांसोबत शिकवावे, असे ते लिहीत. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. दम्याने शरीर पोखरले होते, तरी १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले.

ज्या बाकावर मी बसते, तो माझ्यासाठी कोणीतरी भांडून मिळवला आहे, हे मला तेव्हा समजले. त्या आईला मुलाने पगार थोडा दिला. पण तिच्यासारख्या, माझ्या आईसारख्या असंख्य बायकांच्या लेकींना वर्गाचे दार उघडून दिले. हा हिशेब पैशात बसत नाही.

त्या संध्याकाळी मी आईला हे सगळे सांगितले. सदऱ्याची गोष्ट ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, पावसाळ्यात तो सदरा रात्रीतून वाळत कसा असेल? हा प्रश्न चरित्र वाचताना मला सुचला नव्हता. गरिबी जिने भोगली तिलाच तो सुचणार.

दुसऱ्या दिवशी मी काल घातलेलाच ड्रेस घालून कॉलेजात गेले आणि पहिल्या बाकावर बसले. कोणी काही म्हणाले नाही. सरांनी हजेरी घेतली, तेव्हा माझा आवाज पहिल्यांदाच त्यांच्यापर्यंत पोचला. नोकरी मी करणारच आहे. आईचे कष्ट थांबवणे हे माझे पहिले कर्तव्य. पण तिथेच थांबायचे नाही, एवढे मी आगरकरांकडून घेतले आहे. यंदा आमच्या गल्लीतल्या दोन मुलींचे प्रवेश-अर्ज मी स्वतः बसून भरून दिले.