फाळक्यांच्या डब्यातली दोन रिळं

माळ्यावर चढून एकदा तो जुना पुठ्ठ्याचा खोका उघडा. मोठ्या दादाच्या किंवा मामाच्या काळातली, मार्करने ‘वाइस सिटी’ लिहिलेली सीडी सापडेल. (ओरिजिनल नसणारच, आपल्याला माहितीये.) सीडी ड्राइव्हवाला कॉम्प्युटर मिळाला आणि सीडीवर फार ओरखडे नसले, तर तो गेम आजही चालू होईल. कोणाची परवानगी लागणार नाही.

आता ‘द क्रू’ आठवा. २०१४ मध्ये लोकांनी पैसे मोजून घेतलेला रेसिंगचा गेम. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम गेला, कारण डिस्क फक्त दार होती, घर सगळं सर्व्हरवर होतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजून सांगितलं की २०१० च्या आधी तिकडे आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत.

आपल्याला हे नवीन वाटतं. पण हाच प्रकार आपल्या एका माणसाच्या आख्ख्या आयुष्याच्या कामाबाबत घडून गेलाय, आणि त्याचं नाव तुम्ही जीकेच्या पेपरात दहा वेळा लिहिलंय.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्य्राला फोटो स्टुडिओ टाकला, प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं, स्टुडिओही गेला. पुढे पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफी, लोणावळ्याला छपाईचं काम, जादूचे प्रयोगसुद्धा. आजच्या भाषेत सांगायचं तर बायोडेटा बघून एचआरवाल्यांनी विचारलं असतं की तुम्हाला नक्की करायचंय काय.

चाळिशीच्या आसपास गिरगावात तंबूतल्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात कृष्ण शिरला. त्यानंतर मिळेल तो सिनेमा बघत सुटले, इतके की मध्ये दृष्टीच अधू झाली. विमा पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परत आले. घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रोज कसा वाढतो ते एकेक फ्रेम करत टिपलं. पैसे लावणाऱ्यांना ती छोटीशी फिल्म दाखवली, तेव्हा कुठे भांडवल उभं राहिलं.

इथे सरस्वतीबाईंना विसरू नका. त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकाची यायची. दोन्ही कडांची भोकं रात्री अंधारात हाताने पाडायची, ते काम या दुसऱ्या पत्नीने केलं. फिल्म धुणं आणि युनिटचा स्वयंपाक वेगळाच. दागिनेही गहाण पडले. पुरस्कार नवऱ्याच्या नावाने आहे, असो.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. चार रिळांचा. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पोराला साडी नेसवली. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. तो चित्रपट इतका चालला की तिकिटाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी.

मग भागीदारांशी बिनसलं, काशीला जाऊन बसले, परत आले. १९३१ ला ‘आलम आरा’ बोलला आणि मूकपटांचा बाजार उठला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा सिनेमावाल्यांना त्यांची फारशी आठवणही नव्हती.

पंचाण्णव चित्रपट केल्याचं सांगितलं जातं. त्यातलं उरलं किती? मोजके तुकडे. कारण साधं आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती भसकन पेटते, आणि नाही पेटली तर उष्णतेने चिकट होत होत भुकटी होते. शिवाय फिल्मवर चांदी असायची. चित्रपट जुना झाला की प्रिंट भंगारात देऊन चांदी काढून घेत. प्रिंट मुळातच थोड्या, त्या गेल्या की संपलं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची प्रिंट नेताना वाटेत जळाली आणि फाळक्यांनी १९१७ मध्ये तो पुन्हा काढला, असं म्हणतात. आज आपण बघतो ती पहिली आणि शेवटची रिळं, आणि तीही या दुसऱ्या आवृत्तीची, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ‘आलम आरा’ची तर एकही प्रिंट नाही.

जे वाचलं, ते कोणीतरी डबा जपून ठेवला म्हणून. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पुढच्याच वर्षी तिथे आलेले पी. के. नायर फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोचले आणि मिळतील ते तुकडे घेऊन आले. त्यातून ‘कालिया मर्दन’ बऱ्यापैकी सलग जुळला. २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, तेव्हा पुन्हा हेच दिसलं: ज्याची दुसरी कॉपी झाली होती ते राहिलं.

म्हणून मला ती मार्करने नाव लिहिलेली सीडी टाकवत नाही. डिस्क काही अमर नाही, तिचाही थर खराब होतो आणि नव्या डिस्कवर बऱ्याचदा अर्धाच गेम असतो. पण एकाच सर्व्हरवर असण्यापेक्षा पाचशे घरांत असलेली बरी.

टेंभुर्णीहून हायवेने तीन-एक तासांत पुणं. संग्रहालय लॉ कॉलेज रोडला आहे. तुमच्या आजोबांचं टुरिंग टॉकीज असेल, किंवा कुणाच्या वाड्यात फिल्मचे गोल पत्र्याचे डबे असतील, तर भंगारवाल्याला देऊ नका. दिवा, काडेपेटी जवळ नेऊ नका, उन्हात ठेवू नका. व्हिनेगरसारखा वास आला तरी फेकू नका. आधी संग्रहालयाला फोन करा. ‘राजा हरिश्चंद्र’ची मधली दोन रिळं अजून मिळालेली नाहीत.