कै. विष्णुपंत पागनीस : भूमिकेत विलीन झालेला नट

मराठी बोलपटांत ज्या मोजक्या भूमिका चिरंजीव झाल्या, त्यांत 'संत तुकाराम' मधील कै. विष्णुपंत पागनीस यांच्या भूमिकेस अग्रस्थान द्यावे लागेल. ज्ञातीतील तरुण पिढीस या थोर नटाचा परिचय व्हावा, म्हणून त्यांचे अल्प चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ सालचा. तारुण्यात ते संगीत रंगभूमीवर स्त्री-भूमिका करीत. गोड गळा व मृदू हावभाव हीच त्यांची पुंजी. स्त्रिया स्वतः रंगभूमीवर येऊ लागल्यावर ही पुंजी निरुपयोगी ठरावयाची. पण घडले उलटेच. १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने दामले व फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' काढला आणि तोच मऊपणा तुकोबांच्या ऋजुतेस शोभून दिसला. गौरीबाईंची रोखठोक जिजाई एकीकडे नि विष्णुपंतांचा शांत तुका दुसरीकडे. अशा जोडीमुळे संतचरित्रास खऱ्या संसाराचा रंग चढला. केशवराव भोळे यांच्या संगीतात विष्णुपंतांनी गाण्यातले पांडित्य मिरविले नाही. बोलता बोलता अभंग ओठी यावा तसे ते गायिले. शांताराम आठवले यांनी रचलेले त्यातील एक पद तर अनेकांस तुकोबांचेच वाटले; गाथेत मात्र ते नाही.

मुंबईत एकाच चित्रगृहात हा बोलपट पन्नासाहून अधिक आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही तो गौरविला गेला. पुढे विष्णुपंतांच्या वाट्यास मुख्यत्वे भक्तांच्याच भूमिका आल्या. १९३९ चा 'संत तुलसीदास' व १९४० चा 'नरसी भगत' हे त्यांपैकी होत. १९४३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या छायाचित्रास तुकोबांची तसबीर समजून लोकांनी हात जोडले; नटाचे नाव मात्र मागे पडत गेले. एका दृष्टीने ही कलावंताची उपेक्षाच. तथापि आम्हांस वाटते, की स्वतःस इतके पुसून टाकणे ज्यास साधले, त्याने कलेचे सार्थक केले. त्याचे नाव जपणे हे काम आपले आहे. तेव्हा हा चित्रपट मुलाबाळांस दाखविताना वडीलधाऱ्यांनी त्या मुखामागील माणसाचे नावही आवर्जून सांगावे, एवढीच आमची विनंती.