३३३ विरुद्ध १११

मराठी विभागासाठी यावेळी यशवंतराव चव्हाणांवर लिहिणार म्हटल्यावर आमच्या ग्रुपमधल्या एकीने सरळ जांभई दिली. तिचंही काही चुकलं नाही म्हणा. हे नाव आपल्याला माहीत असतं ते रस्त्यांमुळे, नाट्यगृहांमुळे आणि मुक्त विद्यापीठाच्या पाटीमुळे. मी तर कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्या पुस्तकात महाराष्ट्राची स्थापना दीड ओळीत उरकलेली होती, तीही परीक्षेला न येणारी! पण मध्यंतरी दोन आकडे वाचनात आले, ३३३ आणि १११. बरोब्बर तिप्पट. आपली इंजिनिअरिंगची सवय, असा सुबक रेशो दिसला की थांबायचंच. म्हणून शोधत गेले, आणि त्या शोधात आपलं हिंगोलीही सापडलं.

हे आकडे १९५६ च्या ऑक्टोबरमधल्या एका मतदानाचे आहेत. मतदार होते फक्त काँग्रेसचे आमदार. प्रश्न एकच होता, की १ नोव्हेंबरपासून अस्तित्वात येणाऱ्या नव्या, अवाढव्य मुंबई राज्याचा मुख्यमंत्री कोण? एका बाजूला यशवंतराव चव्हाण, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब हिरे. दोघेही मराठी, दोघेही शेतकरी समाजातून वर आलेले आणि दोघेही मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळातले मंत्री.

अमेरिकेत राज्याच्या प्रमुखाला गव्हर्नर म्हणतात. तो आपल्या राज्यपालासारखा नसतो, कारभार खरोखर तोच चालवतो. तिथे आधी पक्षाची उमेदवारी जिंकायची आणि मग सगळ्या राज्याची मतं मागायची. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षाने धाकट्या फ्रँकलिन रूझवेल्टला बाजूला सारून अ‍ॅव्हरेल हॅरिमनला उमेदवारी दिली. पुढे पन्नास लाखांहून जास्त मतदानात तो जेमतेम अकरा हजारांनी निवडून आला. आपल्याकडे क्रम उलटाही होऊ शकतो. आधी आमदारांनी नेता निवडायचा, तो मुख्यमंत्री होणार, आणि जनतेचा निकाल नंतर. यशवंतरावांच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि त्यांच्या आयुष्याची खरी गंमत मला या दोन निकालांच्या मधल्या अंतरात वाटते.

पण आधी माणूस कोण ते बघू. जन्म १२ मार्च १९१३, आजोळी, देवराष्ट्रे गावात. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते. प्लेगने ते गेले तेव्हा यशवंत अगदी लहान होता. आई विठाई शिकलेली नव्हती, पण मुलांना शिकवायचंच हा तिचा हट्ट. मोठ्या भावांनी, विशेषतः गणपतरावांनी, घर ओढलं आणि धाकट्याला कराडच्या टिळक हायस्कुलात घातलं. मोठेपणी कोण होणार असं गुरुजींनी वर्गात विचारलं तेव्हा बाकीच्यांनी थोर पुढाऱ्यांची नावं घेतली आणि याने आपलं स्वतःचंच नाव सांगितलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच.

१९३२ मध्ये शाळेत असतानाच अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या जेलमध्ये वयाने आणि वाचनाने मोठी माणसं भेटली, आणि या मुलाने तिथे कॉलेजच्या आधीच कॉलेज केलं. नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए., पुण्याहून वकिली. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न आणि दोन महिन्यांत चले जाव! नवरदेव भूमिगत. पोलिसांनी वेणूताईंनाही जेलमध्ये टाकलं. त्या आजारी पडल्या, आणि त्यांना बघायला हा फलटणला आला तिथेच पकडला गेला. फलटण हे गाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

१९४६ ला आमदार, मग गृहखात्याचे पार्लमेंटरी सेक्रेटरी, १९५२ ला पुरवठा मंत्री. मधल्या काळात शंकरराव मोरे, केशवराव जेधे वगैरे बहुजन समाजातले बडे नेते काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात गेले. यशवंतराव गेले नाहीत. भांडायचं ते पक्षाच्या आत राहून, हा त्यांचा स्वभाव तेव्हापासून दिसतो. पुढे याचीच त्यांना किंमतही मोजावी लागली.

१९५२ च्या निवडणुकीची एक गंमत सांगायलाच हवी. मोरारजी देसाई बलसाडमधून अवघ्या १९ मतांनी हरले, आणि तरीही मुख्यमंत्री झाले! म्हणजे आमदारांच्या मनात असलं की मतदारांचा नकारही आड येत नाही, हे मुंबई राज्याने आधीच बघितलेलं होतं.

आता हिरे. भाऊसाहेब हिरे मालेगावचे, महसूल मंत्री, महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचं वजनदार नाव. १९५३ चा नागपूर करार, ज्यात मराठवाडा आणि विदर्भाला नव्या मराठी राज्यात काय मिळेल ते लिहून ठेवलं, त्यावर हिरे आणि चव्हाण दोघांच्याही सह्या आहेत. संयुक्त महाराष्ट्र दोघांनाही हवाच होता. फरक पडला तो १९५५ च्या शेवटी. राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी राज्य द्यायचं नाकारलं, मुंबई वेगळी काढायच्या योजना आल्या, लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाले. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मिळून शंभरावर माणसं गेली. मुंबईच्या हुतात्मा चौकात आपण फोटो काढतो ती हीच माणसं.

त्या तापलेल्या दिवसांत, डिसेंबर १९५५ च्या सुरुवातीला, यशवंतराव फलटणला बोलले. संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांतून एकाची निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, असा त्याचा अर्थ होता. जे गाव सासुरवाडीचं आणि ज्या गावात अटक झाली, त्याच गावात हे! महाराष्ट्र पेटला. सूर्याजी पिसाळ म्हणून त्यांची संभावना झाली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही राग आला. गोळ्या खाणाऱ्या माणसांसमोर हे बोलायची काय गरज होती? आजही मला ते वाक्य पटत नाही. पण त्याचा हिशोब कुठे जातो ते पुढे बघा.

१९५६ च्या ऑगस्टमध्ये संसदेने तोडगा काढला, तो म्हणजे द्विभाषिक. मुंबई, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा असं सगळं एकत्र. इथे हिंगोली येते. तोपर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, परभणी जिल्ह्याचा एक तालुका. (स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावं लागलं.) १९४८ ला निजाम गेला, पण राजधानी हैदराबादच राहिली. ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री हिंगोलीकर हैदराबादचे म्हणून झोपले आणि सकाळी मुंबईचे म्हणून उठले. मराठवाड्याने येताना अटी घातल्या नाहीत, हे आपल्याकडे अजून अभिमानाने आणि थोडं दुःखानेही सांगतात.

द्विभाषिक कोणालाच नको होतं. गुजरातेत महागुजरातचं आंदोलन, इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती. अशा राज्याचं नेतृत्व मोरारजींना हवं होतं, पण बिनविरोध. हिरे उभे राहणार म्हटल्यावर मोरारजींनी अंग काढून घेतलं, आणि त्यांचं वजन यशवंतरावांच्या पारड्यात पडलं. मग ते मतदान, ३३३ विरुद्ध १११.

आता थोडं गणित करू. बेरीज होते ४४४. जुन्या मुंबई राज्याच्या विधानसभेत सगळ्या पक्षांच्या मिळून जागाच होत्या ३१५. म्हणजे हा निकाल जुन्या मुंबईचा नव्हता. त्यात नव्याने येणाऱ्या भागांतले आमदारही होते, गुजराती तर होतेच. आपला पहिला मुंबईवाला मुख्यमंत्री ठरवताना मराठवाड्यालाही मत होतं! आणि हेही खरं, की मराठी माणसांच्या मनातला उमेदवार कोण हा प्रश्न या मतदानात कोणी विचारलाच नव्हता. हिऱ्यांमागे मराठी भावना जास्त होती आणि चव्हाणांमागे बेरीज जास्त होती. सीआरच्या इलेक्शनमध्ये आपणही हे बघतोच, फक्त तिथे पणाला लागतं ते कॅन्टीनचं बिल.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, यशवंतराव मुख्यमंत्री झाले. मोरारजी दिल्लीला गेले. दोन आठवड्यांत आचार्य अत्र्यांचा दैनिक मराठा निघाला आणि नव्या मुख्यमंत्र्यांची रोज सकाळी हजेरी घेऊ लागला.

दुसरा निकाल १९५७ चा. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसचा धुव्वा उडवला. खुद्द कराडात, जिथे हा माणूस शाळेत गेला, झेंडा लावून जेलमध्ये गेला, तिथे शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव पवारांनी त्यांना असं गाठलं की मुख्यमंत्री दोन हजारांच्याही आतल्या मताधिक्याने वाचले. विधानसभेत काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या त्या गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जिवावर. म्हणजे कराडने जवळजवळ पाडलं आणि आपल्यासारख्या मागासलेल्या, कालपर्यंत परक्या राज्यात असलेल्या भागाने खुर्ची सांभाळली. मला हे वाचून उगाचच बरं वाटलं.

माझ्या मते ३३३ मतांनी यशवंतरावांना मुख्यमंत्री केलं आणि कराडच्या त्या निसटत्या मताधिक्याने त्यांना शहाणं केलं. आमदारांची बेरीज जमली तरी माणसं सोबत नाहीत, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी समितीशी वैर धरलं नाही. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण होतं. समितीने प्रचंड निदर्शनं केली आणि ती शांततेत पार पडली. मराठी माणसाच्या मनात काय आहे ते पंतप्रधानांना वाटेवरच दिसलं. त्यानंतर नेहरूंना, आणि १९५९ मध्ये काँग्रेस अध्यक्ष झालेल्या इंदिरा गांधींना, द्विभाषिक चालणार नाही हे आतून पटवण्याचं काम यशवंतरावांनी केलं. नेहरूंनी ते ऐकलं, कारण सांगणारा माणूस फलटणला नेहरूंच्या बाजूने बोललेला होता! एस. एम. जोशी, डांगे, अत्रे आणि ते हुतात्मे नसते तर महाराष्ट्र झालाच नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दिल्लीत आतून दार उघडायलाही कोणी लागतं. १ मे १९६० ला दार उघडलं, मुंबईसकट.

मुख्यमंत्री म्हणून केलेल्या कामांची यादी मोठी आहे, ती सामान्यज्ञानाच्या पुस्तकात बघा. आपल्याशी संबंधित तेवढंच सांगते. मराठवाडा विद्यापीठ ऑगस्ट १९५८ चं. अ‍ॅडमिशनच्या वेळी ज्या ईबीसीच्या फॉर्मसाठी तहसीलला चकरा माराव्या लागायच्या, ती सवलत त्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली, तेव्हा मर्यादा वार्षिक १२०० रुपये उत्पन्नाची होती. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि कराडची सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं १९६० ची. त्याआधी हिंगोलीच्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठणं आलं. जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ चा. वडील गेल्यावर भावांनी ओढलेल्या घरातला मुलगा फी माफीचा विचार करतो, यात आश्चर्य नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात आपली दाणादाण उडाली आणि नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतलं. दिल्लीत पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती झाली. विरोधी पक्षनेतेपद आणि १९७९ मध्ये थोडे दिवस उपपंतप्रधानपदही झालं. तो सगळा भाग मी भराभर सोडतेय, कारण मला तो तितका आवडत नाही. आत राहून भांडायच्या सवयीने दिल्लीत त्यांना कुंपणावरचा माणूस केलं. त्या सवयीमागे कराडसारखं एखादं गाव धाक घालायला उभं नव्हतं.

एक गोष्ट मात्र सोडवत नाही. संरक्षणमंत्री झाल्यावर लोकसभेची जागा हवी होती. १९६३ मध्ये ती मिळाली नाशिकमधून, आणि तीही बिनविरोध! म्हणजे हिऱ्यांच्या जिल्ह्यातून. हिरे तेव्हा नव्हते, ते १९६१ मध्येच गेले होते.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या, आणि त्यानंतर यशवंतराव फार जगले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग, कृष्णाकाठ, त्याच वर्षीचा. सुट्टीत घरच्या कपाटात तो मिळाला आणि मी अधाशासारखी शेवटाकडे गेले, हिऱ्यांबरोबरच्या त्या मतदानाबद्दल ते स्वतः काय म्हणतात ते बघायला. पुस्तक १९४६ पाशी थांबतं. पुढचे भाग लिहायचे राहूनच गेले.